मागे घेता न आलेला लेख

सरांच्या प्रयोगशाळेत मी गेले ती त्यांच्या एका लेखामुळे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. बायोकेमिस्ट्रीत एम. एस्सी. झाले होते, घरी स्थळं बघणं चालू होतं आणि मला संशोधन करायचं होतं. पुण्याला एकटीला पाठवायला वडील तयार नव्हते. तेव्हा मला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘‘अगं, पुण्याला कशाला जातेस? इथं कोल्हापुरात एक माणूस बसलाय, ज्याचा लेख परदेशात वाचतात.’’

त्या माणसाची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून असलेल्या दोन खोल्या. एकीत यंत्रं आणि फ्रीज, दुसरीत सरांचं टेबल. सर मूळचे कोडोलीच्या बाजूचे, शेतकरी घरातले, घराण्यात पहिलेच एवढे शिकलेले. उंच, काळेसावळे, आवाज मोठा. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. पण यंत्राचा काटा मनासारखा हलला की ‘‘हाय की! हाय की रं!’’ असं ओरडायचे आणि सायकल स्टँडवरची पोरं खिडकीतून आत डोकवायची.

टेबलामागच्या फळ्यावर पोस्टकार्डं टाचलेली होती. तेव्हा पद्धत अशी होती, की कुणाला तुमचा शोधलेख वाचायचा असला आणि त्याच्याकडे ते नियतकालिक येत नसलं, तर तो तुम्हाला कार्ड पाठवून छापील प्रत मागायचा. हंगेरी, ब्राझील, इराण, इटली, कुठून कुठून कार्डं आलेली. सगळी एकाच लेखासाठी.

त्या लेखात काय होतं ते सांगते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, पेशींना सांभाळणारं. काही माणसांत ते जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना काही होत नाही. पण मलेरियाच्या काही गोळ्या किंवा अशीच काही औषधं पोटात गेली, की पेशी फुटायला लागतात, कावीळ होते, लघवी काळपट होते. क्वचित जीवावरही बेततं. हा दोष आईकडून मुलाकडे जातो. सरांनी बिद्रीच्या अलीकडच्या-पलीकडच्या काही खेड्यांत जाऊन शाळेतल्या मुलामुलींचं रक्त तपासलं होतं, आणि त्यातल्या एका गावात हे विकर फार जणांत फार कमी आढळलं होतं. शहरातल्या कॉलेजच्या मुलांत मात्र सगळं व्यवस्थित. आमच्या भागात असं काही असेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून तो लेख परदेशात छापला गेला आणि म्हणूनच त्याला मागणी होती. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. ते एकदा छापून आलं तेवढं पुरे झालं.

वर्षातून एकदा सर पुण्याला एका मोठ्या ग्रंथालयात जायचे. तिथं संदर्भांच्या सूचीचे जाडजूड खंड असत. कुणाचा लेख जगात कुणी कुणी आपल्या लेखात दाखला म्हणून घेतला, ते त्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं. मी रुजू झाले त्या वर्षी सरांनी मलाही नेलं. भिंग घेऊन ते आपल्या नावाखालच्या ओळी वाचत होते आणि मी उतरवून घेत होते. एम. एस्सी.च्या निकालाच्या दिवशी विद्यार्थी जसा बोट फिरवतो, तसं त्यांचं बोट फिरत होतं. परतताना एसटीत म्हणाले, ‘‘आमच्या दादांना वाटतं मी मास्तर हाय. तिकडं कोडोलीत बसलेल्या त्यांना कसं सांगू, की ब्राझीलचा माणूस माझं नाव घेतोय?’’

इतकं आनंदी मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

सर नुसते लेख लिहून थांबले नव्हते. ज्यांच्या रक्तात विकर कमी आढळलं, त्या प्रत्येकाला त्यांनी एक लाल कार्ड छापून दिलं होतं. ‘डॉक्टरांना हे कार्ड दाखवा. खालील औषधे देऊ नयेत.’ खाली औषधांची नावं. यात त्यांचा स्वतःचा काही फायदा नव्हता. उद्या कुणा पोराला चुकीची गोळी देऊन काही होऊ नये, एवढाच हेतू.

मी आल्याला वर्ष होऊन गेलं असेल. एका सकाळी एक मुलगी आणि तिचे वडील प्रयोगशाळेच्या दारात उभे. वडिलांच्या अंगात धुवट सदरा, हातात टोपी. मुलगी एकोणीस-वीसची, खांद्याला पर्स, नजर सरळ. आत येऊन तिनं ते लाल कार्ड सरांच्या टेबलावर ठेवलं.

‘‘हे तुम्ही दिलंय न्हवं?’’

सरांनी कार्ड पाहिलं. ‘‘हो. शाळेत असताना तुमचं रक्त घेतलं होतं. काही त्रास होतोय का?’’

‘‘मला कायबी त्रास न्हाय. त्रास तुमच्या कार्डाचा हाय.’’

मग वडील बोलले. ‘‘साहेब, पोरगीचं ठरलंतं. कागलकडचं स्थळ. साखरपुडा झालता. त्यांच्याकडं कुणीतरी सांगितलं, की त्या गावच्या पोरींच्या रक्तात खोट हाय, होणारी पोरं जगत न्हाईत. तेंनी इचारलं, आमी कार्ड दाखवलं. लपवायचं कशाला? मोडलं बगा.’’

सरांनी खुर्च्या पुढे केल्या, पाणी मागवलं. मग शांतपणे सगळं समजावून सांगितलं. हा रोग नाही. माणूस पूर्ण आयुष्य जगतो. मुलं होतात, मोठी होतात. फक्त औषधं सांभाळायची. वडील ऐकत होते. मुलगी मध्येच म्हणाली, ‘‘ही सगळी गोष्ट कागलला येऊन सांगशिला काय?’’

‘‘येईन की,’’ सर म्हणाले.

‘‘आणि माझं रक्त पुन्यांदा बगा. त्या वक्ताला शाळेच्या व्हरांड्यात पन्नास पोरांच्या गर्दीत घेतलंतं. माझंच हाय कशावरनं?’’

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ‘‘बरोबर आहे तुमचं,’’ म्हणाले आणि मला खूण केली. मी तिच्या दंडाला रबर बांधलं. तिनं सुईकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरांच्या फळ्यावरची पोस्टकार्डं बघत होती.

दोघांना बाहेर बाकावर बसवून मी लगेच तपासणी केली. विकर भरपूर होतं. माझ्यात असेल तेवढंच. मी पुन्हा केली. तसंच. सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः केली.

‘‘नळी बदलली असेल शाळेत,’’ ते म्हणाले. ‘‘एखादी बदलते.’’

बाहेर जाऊन त्यांनी मुलीला सांगितलं, की तुमच्या रक्तात काही दोष नाही, आमच्याकडून चूक झाली. तिच्या वडिलांनी हात जोडले. ती म्हणाली, ‘‘मग हे लिहून द्या.’’ सरांनी लगेच लिहून दिलं, सही-शिक्का मारून.

ते दोघं गेले तरी सर दारातच उभे होते. मग मला म्हणाले, ‘‘त्या गावचे आणखी कोण कोण कोल्हापुरात आहेत, शोधून काढा.’’

शोधायला फार लागलं नाही. एक एमआयडीसीत कामाला, दोघं कॉलेजात, एक शिवाजी पेठेत मामाकडे राहणारी. सगळे लाल कार्डवाले. एकेकाला बोलावून ताजं रक्त घेतलं. सगळ्यांचं व्यवस्थित. शेवटच्या मुलीचा निकाल मी टेबलावर ठेवला तेव्हा सरांनी तो उचललाच नाही. नुसतं विचारलं, ‘‘हिचंबी?’’

‘‘हो सर.’’

मग हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, त्यांनी त्या वेळच्या पाहणीची हकिगत सांगितली. ऊस गाळपाच्या अखेरीचे, उन्हाळा तापायला लागलेले दिवस. सकाळी शाळेत रक्त घ्यायचं, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या, डबा दुपारच्या एसटीनं पाठवायचा. बिद्रीजवळ उसाच्या ट्रकांची आणि बैलगाड्यांची रांग लागलेली असे. गाडी तिथं रखडायची. एसटी स्टँडवर डबा पोचेपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप लागलेलं, मग तो रात्रभर स्टँडवरच्या पार्सलच्या खोलीत पडून राहायचा. शिपाई दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन यायचा. जवळच्या खेड्यांतल्या नळ्या मात्र सर स्वतःच्या स्कूटरवरून त्याच दिवशी आणायचे, आणि शहरातल्या मुलांचं रक्त तर इथंच काढलेलं.

‘‘बर्फ राहायचा का सर?’’ मी विचारलं.

‘‘कोण बघायला गेलंय?’’ ते म्हणाले. ‘‘डबा बंद होता म्हणजे बर्फ आहे, असं आम्ही धरून चाललो.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं रक्त काढायला लावलं. माझंही काढलं. अर्ध्या नळ्या लगेच तपासल्या, दोघांचं ठणठणीत. उरलेल्या तसल्याच डब्यात, तेवढ्याच बर्फात ठेवल्या आणि तो डबा घेऊन मी एसटीनं त्या गावाला जाऊन आले. एप्रिलचा महिना होता. पत्रा इतका तापलेला, की खिडकीला हात टेकवत नव्हता. परतल्यावर डबा सरांनी स्टँडवरच्या त्याच खोलीत रात्रभर ठेवायला लावला. सकाळी उघडला तर आत कोमट पाणी, आणि पाण्यात आमच्या नळ्या.

तपासणी मी केली. सर बाजूला उभे होते. काटा वर चढलाच नाही. माझ्या नळीचाही नाही, सरांच्याही नाही. उन्हानं विकर मारून टाकलं होतं. त्या लेखातल्या नियमाप्रमाणे आम्ही दोघंही सदोष रक्ताचे निघालो होतो, दोघांनाही लाल कार्ड द्यायला हवं होतं.

सर खुर्चीत बसले. ‘‘म्हणजे गावात कायच नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘सगळं त्या डब्यात होतं.’’

मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर आणखी काही तरी कारण शोधतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. टाइपरायटर पुढे ओढला आणि त्याच सकाळी त्या परदेशी नियतकालिकाला लिहायला घेतलं, की आमचा अमुक लेख चुकीचा आहे, तो मागे घ्यावा, कारण सोबत जोडलं आहे.

मग प्राचार्यांकडे गेले. मीही बरोबर होते. प्राचार्य भला माणूस, सरांच्या लेखाचं कौतुक सगळ्यांना सांगणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘लोक लेख छापून येत नाही म्हणून रडतात, आणि तुम्ही छापून आलेला परत मागताय? कुणी बोट दाखवलंय का?’’

‘‘नाही. मीच दाखवतोय.’’

‘‘मग कशाला उकरून काढताय? तुमच्या लेखावर आपल्याला यंत्र मिळालं. या पोरीची फेलोशिप त्यावर आली. तुमचं प्रोफेसरपद पुढ्यात आहे. चार वर्षांनी माणसं आपोआप विसरतात.’’

‘‘त्या गावाची पोरं विसरणार न्हाईत,’’ सर म्हणाले. पुस्तकी मराठी सुटली होती.

नियतकालिकाचं उत्तर यायला खूप महिने लागले. लेख मागे घेण्याची पद्धत आमच्याकडे सहसा नाही, तुमचं म्हणणं पत्ररूपात छापू, असं संपादकांनी कळवलं. आणि छापलं. शेवटच्या पानांत, जाहिरातींच्या आधी, बोटभर मजकूर. आज कुणी एखादा लेख मागे घेतला तर त्याच्यावर तसा ठळक शिक्का बसतो. तेव्हा मूळ लेख एका वर्षाच्या खंडात आणि दुरुस्ती दुसऱ्या वर्षाच्या खंडात. एक उघडणाऱ्याला दुसऱ्याची चाहूलही लागत नसे.

मधल्या काळात सर कागलला जाऊन आले. दिलेला शब्द होता. मुलीचे वडील आणि मी सोबत होतो. मुलाच्या घरी आमचं चांगलं स्वागत झालं. ‘‘या पावणं, बसा की,’’ म्हणून घोंगडं अंथरलं, चहा आला. सरांनी सगळं सांगितलं. ऊन, डबा, बर्फ, एसटी. मुलाचा बाप पान लावत ऐकत होता.

‘‘साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘तुमीच म्हणलासा दोष हाय. आता तुमीच म्हणताय न्हाय. उद्या तिसरंच कायतरी म्हणशिला. आमी कवा कवाचं खरं धरायचं?’’

उठताना कळलं, की मुलाचं दुसरीकडे ठरलंही होतं. परतीच्या वाटेवर मुलीचे वडीलच सरांची समजूत काढत होते. ‘‘जाऊ द्या साहेब. तुमी आला तरी. कोण येतंय?’’ सर खिडकीबाहेर बघत बसले होते.

गावातही आम्ही गेलो. देवळासमोर माणसं जमली. सरांनी लाल कार्डं परत मागितली आणि हात जोडून माफी मागितली. काहींनी कार्डं दिली, काहींची हरवली होती. एक म्हातारी उठून म्हणाली, ‘‘न्हाय म्हणताय ते बरं झालं. पर सोयरिकी जुळवणाऱ्यांच्या तोंडाला कोण हात लावणार?’’ तिच्या दोन नाती लग्नाच्या होत्या.

बातमी पसरायला जेवढे दिवस लागले होते, तेवढ्यात ती पुसली जाईल असं मला उगाच वाटत होतं. ती पुसली गेली नाही. पुढची कितीतरी वर्षं त्या बाजूची माणसं कॉलेजात भेटली की हळूच विचारायची, ‘‘त्या गावात रक्ताचं काय तरी हाय न्हवं?’’

पोस्टकार्डं येत राहिली. सर प्रत्येकाला लेखाची प्रत पाठवत आणि तिला दुरुस्तीचं कात्रण टाचणीनं जोडत. वरती लाल शाईनं लिहीत, ‘कृपया आधी हे वाचा.’ फळ्यावरची जुनी कार्डं त्यांनी एक दिवस काढून टाकली. टाचण्यांची भोकं तशीच राहिली.

पुण्याच्या ग्रंथालयात आम्ही दर वर्षी जातच होतो. आता भिंग माझ्या हातात असायचं, ते समोर बसायचे.

‘‘किती?’’

मी सांगायचे. दर वर्षी ओळी वाढलेल्या असत. दुरुस्तीच्या पत्राचं नाव मी शोधायचे. तिथं काही नसायचं. एका वर्षी मी म्हटलं, ‘‘सर, आता नको यायला.’’ ते म्हणाले, ‘‘कुणी कुणी खोटं धरून चाललंय ते कळायला नको?’’ त्या यादीतल्या ज्यांचे पत्ते मिळत त्यांना ते पत्र टाकत. बहुतेकांचं उत्तर येत नसे. एका मोठ्या शास्त्रज्ञानं सौजन्यानं कळवलं, की आपल्या लेखात तो संदर्भ केवळ प्रस्तावनेत आहे, निष्कर्षाला त्यानं बाधा येत नाही. ते पत्र सरांनी मला दोनदा वाचून दाखवलं. ‘‘प्रस्तावनेत आहे म्हणे. ती पोरगीबी त्यांच्या प्रस्तावनेतच हाय की.’’

या सगळ्यात त्यांचं स्वतःचं काम मागे पडलं. लोहाअभावी होणारा रक्तक्षय आणि तसाच दिसणारा एक आनुवंशिक आजार यांतला फरक साध्या तपासणीनं कसा ओळखावा, यावर त्यांनी नंतर खरोखर चांगलं काम केलं. वर्षानुवर्षं उगाच लोहाच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांना त्याचा उपयोग झाला असता. प्रत्येक नळी त्यांनी या वेळी स्वतःच्या हातानं आणली, प्रत्येक तपासणी दोनदा केली. तो लेख देशातल्याच एका लहान नियतकालिकात आला. परदेशात दोन ठिकाणी पाठवून परत आला होता. त्याचा दाखला कुणी घेतला नाही. मी घेतला, माझ्या प्रबंधात.

प्रोफेसरपद त्यांना मिळालं. मुलाखतीत त्यांनी स्वतःहून चुकीची गोष्ट सांगितली. समितीतल्या एकानं त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि मग तोच लेख त्यांच्या नावापुढे लिहून घेतला. दुसरं लिहिण्यासारखं फारसं नव्हतं.

दोन हजारनंतर विभागात इंटरनेट आलं. तोवर मी तिथंच शिकवू लागले होते. पुण्याला जायची गरज उरली नाही. निवृत्तीनंतरही सर आठवड्यातून एखाद्या दिवशी यायचे, माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. त्यांचं नाव टाकलं की सगळे लेख उतरत्या क्रमानं पडद्यावर यायचे. सगळ्यात वर तोच. त्याच्यापुढचा आकडा बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा. तरुण प्राध्यापकांना तेव्हा या आकड्यांचं फार वेड लागलं होतं. एक जण येऊन म्हणाला, ‘‘सर, खेड्यापाड्यात काम करून एवढा इम्पॅक्ट! आम्हाला एकदा मार्गदर्शन करा.’’ सरांनी त्याला समोर बसवून डब्याची सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘पण सर, आकडा तर राहतोच ना?’’

‘‘राहतो,’’ सर म्हणाले. ‘‘तीच तर अडचण आहे.’’

ती मुलगी मला याच सुमारास भेटली. सीबीएसवर, मध्यवर्ती बसस्थानकावर, मी गडहिंग्लजच्या गाडीची वाट बघत होते, तिनंच मला ओळखलं. आता बाई झाली होती. केसांत थोडं पांढरं, हातात पिशव्या. सीमेपलीकडे दिली होती तिला, व्यापारी घरात, बिजवराशी. त्याची दोन मुलं तिनंच वाढवली. स्वतःला मूल झालं नाही. ‘‘आमच्या यजमानांनीच नको म्हणलं,’’ ती म्हणाली. ‘‘तेंच्या कानावर गेलंतं. मी कागद दाखवला सरांचा. पर भीती कागदानं जाती व्हय?’’

ती सहज सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय.

‘‘सर हाईत न्हवं?’’

‘‘आहेत. थकलेत आता. तुमची आठवण काढतात.’’

‘‘काढू देत,’’ ती म्हणाली. थोडं थांबून पुढे म्हणाली, ‘‘मॅडम, राग गेला असं मी म्हणणार न्हाय. गेलेला न्हाय. पर कागलला ते आलते, बापाबरोबर घोंगड्यावर बसून बोलणी खाल्ली त्येंनी. ते बी इसरले न्हाय मी. दोन्ही हाय.’’

गाडी लागली. पिशव्या चढवायला मी मदत केली. खिडकीतून तिनं वाकून मला सांगितलं, ‘‘मी भेटलेती म्हणून सांगू नगा. त्येंना वाईट वाटंल.’’

मी सांगितलं नाही. मूल नसल्याचं तर नाहीच. ते ओझं आणखी त्यांच्या पाठीवर टाकून काही बदलणार नव्हतं.

सर गेले ते झोपेतच. कॉलेजनं शोकसभा ठेवली. नवे प्राचार्य सरांना फारसे ओळखत नव्हते. त्यांनी संगणकावरून काढलेला कागद वाचून दाखवला. आपल्या कॉलेजातला सर्वाधिक संदर्भ मिळवलेला लेख सरांचा आहे, तो इतक्या देशांत वाचला गेला, वगैरे. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून सांगितलं, की तो लेख चुकीचा होता. तो चुकीचा आहे हे सरांनी स्वतः शोधलं, स्वतः जगाला ओरडून सांगितलं आणि जगानं ऐकलं नाही. त्यांचं मोठेपण मोजायचं असेल तर त्या बोटभर पत्रावरून मोजा, जे आजवर कुणी उघडलेलं नाही. खाली बसताना मला वाटलं, लोकांना पोचलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. ‘ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सरांच्या जगभर गाजलेल्या लेखाच्या आठवणींना उजाळा दिला.’

काकूंनी ती बातमी कापून ठेवली नाही. त्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा त्या अंगणात वाळवणाच्या पापड्या उलटत होत्या. मीही खाली बसून पापड्या उलटू लागले.

सरांचं पत्रं पाठवायचं काम मी पुढे चालू ठेवलं. आता ईमेल. कुणी नवीन त्या लेखाचा दाखला घेतला, की मी चार ओळी लिहिते आणि ती दुरुस्ती जोडते. काहींची उत्तरं येतात, बऱ्याच जणांची येत नाहीत. सर गेल्यानंतरच्या वर्षी एका परदेशी विद्यार्थिनीचं उत्तर आलं. तिचा प्रबंध अजून छापला जायचा होता. मसुदा तिच्या विद्यापीठानं नुकताच इंटरनेटवर टाकला होता. तिनं लिहिलं होतं, की आपण तुमच्या सरांचा लेख आणि दुरुस्ती दोन्ही वाचलं, आणि तो संदर्भ काढून टाकला आहे. पुढे लिहिलं होतं, की उष्णतेनं नमुने बिघडले तर नाहीत ना हे बघायला आपण आपल्याही नळ्या आता पुन्हा तपासतो आहोत.

मी ते उत्तर घेऊन काकूंकडे गेले. त्या भाजी निवडत होत्या. मी मराठीत सांगितलं.

‘‘म्हणजे एक कमी झाला?’’ काकूंनी विचारलं.

‘‘हो काकू. एक कमी झाला.’’

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. ‘‘ते कुठं दिसेल का? तुमच्या त्या संगणकावर?’’

‘‘नाही. जो दाखला घेतलाच नाही, तो कसा दिसणार?’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला आणि मग उठून आत चहा ठेवायला गेल्या.